बर्गन काउंटी: सत्तर गावं, एक यादी

हडसन नदीवरचा जॉर्ज वॉशिंग्टन पूल ओलांडून मॅनहॅटनमधून पश्चिमेला आलं, की न्यू जर्सीची बर्गन काउंटी सुरू होते. २०१० च्या जनगणनेत इथली लोकसंख्या ९ लाख ५ हजार होती, २०२० मध्ये ती ९ लाख ५५ हजारांवर गेली. लोकसंख्येने ही राज्यातली सर्वांत मोठी काउंटी. टुमदार घरं, नावाजलेल्या शाळा, पॅरामसचे मॉल, रोज न्यू यॉर्कला कामाला जाणारा नोकरदार वर्ग. न्यू जर्सीत नातलग असलेल्या अनेक मराठी कुटुंबांना हा भाग रूट ४ आणि रूट १७ वरच्या खरेदीमुळे ओळखीचा असतो. अशा ठिकाणी बेघर माणसं असतील हे चटकन कुणाच्या मनात येत नाही, आणि कामातली पहिली अडचण तीच होती.

२०१६ मध्ये या काउंटीतलं माजी सैनिकांचं बेघरपण संपल्याचं केंद्रीय यंत्रणांनी मान्य केलं. २०१७ मध्ये दीर्घकालीन बेघरपणाच्या बाबतीतही तोच टप्पा गाठला गेला. देशात तिथवर सर्वांत आधी पोचलेल्या मोजक्या ठिकाणांत बर्गनचं नाव येतं. हे कसं जमलं, यातलं काय दुसऱ्या उपनगरी भागाला उचलता येईल आणि काय येणार नाही, हे या प्रकरणात पाहायचं आहे.

उपनगरातला बेघर दिसत नाही, कारण तो विखुरलेला असतो

काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. पण बर्गनमध्ये सत्तर नगरपालिका आहेत. प्रत्येकीचा महापौर वेगळा, बहुतेकींचं पोलीस खातं वेगळं, आणि कुठे किती मजली इमारत बांधता येईल हे ठरवणारे नियमही वेगळे. एखाद्या बरोची, म्हणजे छोट्या नगरपालिकेची, लोकसंख्या काही हजारांत असते. तिथे दोन माणसं गाडीत झोपतात, एक जण हायवेलगतच्या झाडीत राहतो, एक बाई रात्रभर बसने फिरते. चार माणसांसाठी कुठलंही गाव स्वतंत्र यंत्रणा उभारत नाही. सत्तर गावांनी असं म्हटलं की काउंटीभरात शेकडो माणसं कुणाचीच राहत नाहीत.

ती सगळी हळूहळू हॅकेन्सॅककडे सरकतात. ते काउंटीचं मुख्यालय. न्यायालय, सरकारी मदतीची कचेरी, मोठं रुग्णालय, बसस्थानक, तुरुंग सगळं तिथेच. मग हॅकेन्सॅकने तक्रार करायची की आजूबाजूची गावं आपला भार आमच्यावर टाकतात, आणि आजूबाजूच्यांनी म्हणायचं की आमच्याकडे हा प्रश्नच नाही. अमेरिकेतल्या बहुतेक उपनगरी काउंट्यांत हाच वाद आहे. नियोजन बहुधा इथेच अडकतं, कारण बैठकीत चर्चा ‘ही माणसं कुणाची’ यावर होते आणि ‘त्यांना घर कसं द्यायचं’ यावर येतच नाही.

बर्गनने हा वाद काउंटीच्या पातळीवर उचलला आणि तिथेच मिटवला. २००९ मध्ये हॅकेन्सॅकच्या साउथ रिव्हर स्ट्रीटवर काउंटीने एक केंद्र सुरू केलं. नाव लांबलचक आहे: बर्गन काउंटी हाउसिंग, हेल्थ अँड ह्यूमन सर्व्हिसेस सेंटर. ९० खाटांचा निवारा, जेवण, अंघोळ, कपडे धुण्याची सोय, आरोग्य तपासणी, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घर शोधून देणारे कर्मचारी एकाच इमारतीत. काउंटीचा तुरुंगही त्याच रस्त्यावर आहे, आणि ही गोष्ट पुढे उपयोगी पडते. गावागावातल्या पोलिसांना, ग्रंथालयांना, चर्चना, दवाखान्यांना एकच पत्ता आणि एकच फोन नंबर मिळाला. गावांकडून जागा मागितली नाही, फक्त माणूस दिसला तर कळवा एवढंच सांगितलं. राजकीयदृष्ट्या हा सौदा गावांना परवडणारा होता.

दहा वर्षांच्या योजना आणि त्यांचं काय झालं

२००० च्या दशकात अमेरिकेत दहा वर्षांत बेघरपण संपवण्याच्या योजनांची लाट आली होती. शेकडो शहरांनी आणि काउंट्यांनी त्या लिहिल्या. त्यामागे एक ठोस संशोधन होतं. डेनिस कल्हेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये न्यू यॉर्क आणि फिलाडेल्फियाच्या निवाऱ्यांच्या नोंदी तपासल्या. सुमारे ८० टक्के लोक एकदा येतात आणि निघून जातात, १० टक्के ये-जा करत राहतात, आणि उरलेले १० टक्के वर्षानुवर्षं तिथेच असतात, असं त्यांना आढळलं. या शेवटच्या दहा टक्क्यांनीच निवाऱ्यातले जवळपास निम्मे दिवस व्यापलेले होते. म्हणजे त्यांना घर मिळालं तर उरलेल्यांसाठी निम्मी जागा मोकळी होते.

उपाय काय याचंही उत्तर हाताशी होतं. न्यू यॉर्कमध्ये १९९२ पासून सॅम त्सेम्बेरिस यांनी ‘हाउसिंग फर्स्ट’ ही पद्धत चालवून दाखवली होती: आधी घर, मग उपचार. दारू सोडली, औषधं नियमित घेतली, शिस्त पाळली तर घर, ही अट काढून टाकायची.

तरीही बहुतेक योजना कपाटात गेल्या. त्यांत लक्ष्य होतं, समित्या होत्या, पण या महिन्यात कोणत्या माणसाला कोणतं घर, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. योजनेची मुदत दहा वर्षांची आणि आढावा वर्षातून एकदा, जानेवारीतल्या बेघरांच्या गणतीने. वर्षातून एकदा हाती येणाऱ्या आकड्यावर रोजचं काम चालवता येत नाही.

बर्गनमध्ये इमारत मिळाल्यावरही ही उणीव होतीच. ती भरली ‘बिल्ट फॉर झिरो’ या मोहिमेने. कम्युनिटी सोल्यूशन्स या संस्थेने २०१५ मध्ये ती सुरू केली, आणि बर्गन त्यात सहभागी झाली.

‘संपलं’ म्हणजे किती

इथे व्याख्या नीट समजून घेतली नाही तर सगळं प्रकरण चुकीचं वाचलं जाईल.

केंद्र सरकारच्या गृहनिर्माण खात्याच्या, म्हणजे हडच्या, डिसेंबर २०१५ च्या नियमानुसार दीर्घकालीन बेघर ठरण्यासाठी दोन गोष्टी लागतात. एक, शारीरिक किंवा मानसिक अपंगत्व अथवा व्यसनाधीनता. दोन, सलग बारा महिने रस्त्यावर किंवा निवाऱ्यात, किंवा तीन वर्षांत किमान चार खेपा आणि त्यांची बेरीज बारा महिने. मधे सलग सात किंवा जास्त रात्री रस्ता आणि निवारा सोडून दुसरीकडे छपराखाली गेल्या तर खेप तुटते. पण रुग्णालय, तुरुंग किंवा व्यसनमुक्ती केंद्रात नव्वद दिवसांपेक्षा कमी काळ काढला, तर तुटत नाही, ते दिवस बेघरपणातच मोजले जातात.

दीर्घकालीन बेघरपण ‘संपलं’ म्हणता येईल अशा अवस्थेला ‘फंक्शनल झिरो’ म्हणतात. तिची मर्यादा अशी: ताज्या गणतीतल्या एकूण बेघरांच्या ०.१ टक्का किंवा तीन माणसं, यांतला जो आकडा मोठा असेल तो. आता गणित करून पाहा. एकूण बेघर ३,००० पेक्षा कमी असतील तर ०.१ टक्का तीनच्या खालीच येतो. म्हणजे बर्गनसारख्या, काही शे बेघर असलेल्या काउंटीला नेहमी तीनच माणसांची मुभा. काउंटीच्या नऊ लाखांहून जास्त वस्तीत कोणत्याही क्षणी तीनपेक्षा जास्त दीर्घकालीन बेघर असता कामा नयेत, आणि ही अवस्था टिकली पाहिजे.

माजी सैनिकांची कसोटी वेगळी आहे. तिथे दर महिन्याला किती जणांना घर मिळवून देण्याची क्षमता आहे ते पाहतात, आणि बेघर सैनिकांची संख्या त्याच्या आत असावी लागते.

यात ‘कुणीही बेघर नाही’ असा दावा कुठेच नाही. नोकरी गेलेला, घटस्फोटानंतर बाहेर पडलेला, आगीत घर जळालेला माणूस उद्या निवाऱ्याच्या दारात येणारच. तो बारा महिने तिथे राहणार नाही, एवढी हमी यंत्रणेने द्यायची असते.

यादी

कामाचा कणा म्हणजे नावानिशी यादी. काउंटीतला प्रत्येक बेघर माणूस, निवाऱ्यातला, झाडीतला, गाडीतला, एका यादीत. त्याच्या संमतीने नाव, नाव द्यायचं नसेल तर खूण किंवा क्रमांक. सोबत शेवटचा कुठे दिसला, किती महिने बेघर, माजी सैनिक आहे का, उत्पन्न किती, कोणती कागदपत्रं हातात आहेत, कोणत्या घरासाठी पात्र, आणि त्याचा पाठपुरावा कोण करतंय. शेवटचा रकाना रिकामा असेल तर बाकीच्या रकान्यांचा उपयोग नाही.

यादी खरी आहे की कागदी, हे तपासायची एक साधी कसोटी आहे. मागच्या महिनाअखेरची संख्या घ्या. त्यात या महिन्यात नव्याने आलेले, परत आलेले आणि नव्याने त्या गटात मोडू लागलेले मिळवा. घर मिळालेले आणि संपर्क तुटलेले वजा करा. येणारा आकडा आणि प्रत्यक्ष यादीतला आकडा यांत पंधरा टक्क्यांहून जास्त फरक नको. दुकानातली रोजकीर्द जुळवतात तसंच हे काम.

समजा मागच्या महिनाअखेर २० नावं होती. ६ आली, ९ गेली. यादीत १७ असायला हवीत, पण प्रत्यक्ष २१ आहेत. तफावत चारची, म्हणजे १९ टक्के. यादी नापास. कारणं शोधायला बसलं की तीच तीच सापडतात: एका संस्थेने घर मिळाल्याची नोंद महिनाभर केलीच नाही, एकच माणूस दोन स्पेलिंगने दोनदा आला, रुग्णालयातून सुटलेल्यांची खबर कुणी दिली नाही, नव्वद दिवस न दिसलेल्याला ‘निष्क्रिय’ करायचं की नाही यावर दोन संस्थांचे नियम वेगळे. निष्क्रियचा नियम तर लेखी आणि सर्वांना एकच हवा. तो सैल ठेवला की आकडा कमी दाखवण्याचा मोह होतो, आणि झाडीत राहणारा माणूस कागदावरून नाहीसा होतो.

यादीवर लोकांचा क्रम लावण्यासाठी त्या काळात व्हीआय-स्पडॅट ही प्रश्नावली देशभर वापरात होती. आरोग्य, व्यसन, हिंसा, पैसा यांवरचे प्रश्न आणि शेवटी गुण. ती सोयीची होती, पण तिच्यातले दोष पुढे उघड झाले. अनोळखी माणसाला पहिल्याच भेटीत लोक व्यसनाबद्दल खरं सांगत नाहीत, त्यामुळे ज्यांना सर्वाधिक गरज त्यांनाच कमी गुण पडतात. कृष्णवर्णीयांना सरासरी कमी गुण मिळतात, असं अभ्यासांतून दिसलं. २०२० च्या अखेरीस तिच्या निर्मात्यांनीच ती मागे घेण्याची घोषणा केली. आज कुणी ही पद्धत नव्याने उभी करत असेल तर गुणांवर आंधळेपणाने विसंबू नये. केसवर्करला, म्हणजे त्या माणसाचा पाठपुरावा करणाऱ्या कर्मचाऱ्याला, त्याच्याबद्दल काय माहीत आहे, याचं वजन क्रमात धरायलाच हवं.

बैठकीत काय घडतं

यादी असणाऱ्या जागा खूप आहेत. यादीवर काम करणाऱ्या कमी. फरक पडतो बैठकीत.

टेबलाभोवती निवारा चालवणारे, रस्त्यावर फिरणारं पथक, हाउसिंग ऑथॉरिटी (सरकारी भाडेमदत चालवणारी स्थानिक संस्था), काउंटीची समाजकल्याण कचेरी, मानसिक आरोग्य संस्था, आणि सैनिकांच्या बाबतीत केंद्राच्या व्हेटरन्स खात्याचे लोक. यादी भिंतीवर. एकेक नाव घ्यायचं आणि तीनच प्रश्न विचारायचे: आता नेमकं काय अडलंय, ते कोण सोडवणार, कोणत्या तारखेपर्यंत. ‘पाठपुरावा सुरू आहे’ हे उत्तर चालत नाही. ‘जन्मदाखल्याचा अर्ज मंगळवारी टाकला, दाखला येईपर्यंत पत्ता केंद्राचा दिला’ हे चालतं.

या बैठकीला जी माणसं येतात त्यांना निर्णयाचा अधिकार असला पाहिजे. ‘वर विचारून सांगतो’ म्हणणारा प्रतिनिधी आला की एक आठवडा फुकट जातो, आणि रस्त्यावरच्या माणसाचा आठवडा आपल्या आठवड्यासारखा नसतो. बर्गनमध्ये हाउसिंग ऑथॉरिटी या कामात थेट उतरलेली होती, हा आमच्या मते या प्रकरणातला सर्वांत निर्णायक घटक आहे. भाडेव्हाउचर, म्हणजे भाड्याचा मोठा हिस्सा सरकारी पैशातून भरण्याची हमी, तिच्या हातात असतात, आणि प्रतीक्षायादीत बेघरांना प्राधान्य द्यायचं की नाही हेही केंद्राच्या नियमांच्या चौकटीत तीच ठरवते. अन्यत्र बेघरांचं काम करणाऱ्या संस्था एकीकडे आणि व्हाउचरवाले दुसरीकडे असतात. मग निवारा भरतो, केसवर्कर राबतात आणि बाहेर पडायची वाटच नसते. हॅकेन्सॅकच्या केंद्राच्या त्या काळातल्या संचालक ज्युलिया ऑर्लँडो यांचं नाव या कामाशी जोडलेलं आहे, आणि त्यांच्या काळात निवाऱ्याचं मोजमापच बदललं. किती खाटा भरल्या यापेक्षा किती जण घरात गेले हे मोजायला सुरुवात झाली.

एक फाइल, जवळून

कामाचा पोत कळण्यासाठी एक नमुना फाइल घेऊ. माणूस खरा नाही, पण अशी माणसं प्रत्येक यादीत असतात.

वय ५८. मधुमेह आणि नैराश्य. दोन वर्षांपासून कधी निवाऱ्यात, कधी हायवेलगत. उत्पन्न फक्त एसएसआय, म्हणजे अपंग-वृद्धांसाठीची केंद्राची मदत. २०१७ मध्ये एकट्या माणसाला ती महिना ७३५ डॉलर होती आणि न्यू जर्सी वर ३१.२५ डॉलर घालत होतं. एकूण ७६६ डॉलर आणि काही सेंट.

पहिलं काम ओळखपत्र. न्यू जर्सीत त्यासाठी सहा गुणांची कागदपत्रं जमवावी लागतात. सोशल सिक्युरिटी कार्ड हरवलंय, जन्म दुसऱ्या राज्यातला, तिथून दाखला मागवायचा तर ओळखपत्र हवं. हे चक्र तोडायला आठवडे जातात. म्हणून निवाऱ्यात आल्याच्या पहिल्या दिवशीच, घराचा काही पत्ता नसतानाही, तिन्ही अर्ज टाकायचे. व्हाउचर मंजूर झाल्यावर कागद गोळा करायला निघालेली काउंटी हमखास उशीर करते.

दुसरं, बारा महिन्यांचा पुरावा. निवाऱ्याच्या नोंदी सर्वांत भक्कम. झाडीतल्या काळासाठी रस्त्यावरच्या पथकाच्या भेटींची तारीखवार नोंद. महिन्यात एक दिवस जरी नोंदलेला असला तरी तो महिना धरला जातो, फक्त खेप तुटल्याचा पुरावा नसावा. तीन महिन्यांपर्यंत त्याचं स्वतःचं निवेदन चालतं. यासाठी पथकाने प्रत्येक भेटीची तारीख लिहायलाच हवी. तीन वर्षांनंतर ‘हो, हा तिथेच असायचा’ या आठवणीचा उपयोग होत नाही. तिसरं, अपंगत्वाचा पुरावा: अपंगत्वासाठीच्या एसएसआयचे कागद, किंवा ते हाताशी नसतील तर परवानाधारक डॉक्टरचा दाखला. केंद्रात वैद्यकीय सोय असल्याचा फायदा इथे दिसतो: सही एकाच जिन्याच्या अंतरावर असते.

आता पैसे. व्हाउचरमध्ये भाडेकरू साधारण उत्पन्नाच्या ३० टक्के भरतो. म्हणजे या माणसाचे महिना सुमारे २३० डॉलर. घराचं भाडं समजा १,३०० डॉलर असेल तर उरलेले १,०७० हाउसिंग ऑथॉरिटी थेट मालकाला देते. पण डिपॉझिट? न्यू जर्सीत मालक दीड महिन्याच्या भाड्यापर्यंत डिपॉझिट घेऊ शकतो, म्हणजे १,९५० डॉलर. व्हाउचर हे पैसे देत नाही. या एका रकमेपायी हातात व्हाउचर असलेला माणूस निवाऱ्यातच बसून राहतो. म्हणून डिपॉझिटसाठी वेगळा, लगेच चेक निघेल असा निधी आधीच बाजूला ठेवावा लागतो. २००९ च्या राज्य कायद्याने काउंट्यांना दस्त नोंदणीवर तीन डॉलरचा अधिभार लावून बेघरांसाठी निधी उभा करायची परवानगी दिली. रक्कम मोठी जमत नाही, पण ती स्थानिक असते, तिच्यावर केंद्राच्या अटी नसतात, आणि अशा फटी बुजवायला हीच लागते.

व्हाउचरची मुदत सुरुवातीला किमान साठ दिवस. त्यात घर शोधायचं, मालक तयार करायचा, निरीक्षण पास व्हायचं. ५८ वर्षांच्या, गाडी नसलेल्या, सात वर्षांपूर्वी घरातून बाहेर काढलं गेल्याची नोंद असलेल्या माणसाला उपनगरात हे एकट्याने जमत नाही. उपनगरात बस तासाने येते आणि भाड्याची घरं जिथे बस जात नाही तिथे असतात.

घरमालक

उत्पन्न कुठून येतं यावरून भाडेकरू नाकारणं न्यू जर्सीत बेकायदेशीर आहे. व्हाउचरही त्यात येतं. तरी ‘तुमची क्रेडिट हिस्ट्री कमी पडते’ असं सांगून नकार देता येतोच, आणि प्रत्येक नकार सिद्ध करत बसायला वेळ नसतो. कायदा पाठीशी ठेवायचा, पण काम संबंधांनी करायचं.

मालकाला तीन गोष्टी हव्या असतात. भाडं एक तारखेला, रिकाम्या दिवसांचं नुकसान कमीत कमी, आणि रात्री अकराला भाडेकरूने भिंत फोडली तर फोन उचलणारं कुणीतरी. पहिली व्हाउचरमुळे मिळते. दुसरीवर सर्वांत जास्त घरं हातची जातात. निरीक्षक पंधरा दिवसांनी येणार म्हटलं की मालक तोवर दुसऱ्याला देऊन मोकळा होतो. उपाय सोपे आहेत: निरीक्षण आठवड्याच्या आत, जाण्याआधी केसवर्करनेच स्मोक डिटेक्टर, खिडक्यांच्या कड्या, गरम पाणी, जिन्याचा कठडा तपासून घेणं, कारण निरीक्षणात घरं बहुतेक अशा किरकोळ गोष्टींवर नापास होतात, आणि घर अडवून ठेवण्यासाठी थोडी रक्कम. तिसरीसाठी मालकाकडे एका माणसाचा नंबर असावा, संस्थेचा सामायिक नंबर नको.

घरात गेल्यावर

इथे वरवरचं काम करणाऱ्यांचं सगळं मुसळ केरात जातं. घर मिळाल्याचा फोटो काढला आणि फाइल बंद केली, तर सहा महिन्यांनी तोच माणूस परत निवाऱ्याच्या दारात दिसतो. कारणं नेहमीचीच आहेत.

पहिले काही आठवडे एकटेपणा फार असतो. रस्त्यावर, निवाऱ्यात आजूबाजूला माणसं होती, इथे चार भिंती. जुने सोबती येतात, राहतात, मग घर त्यांचंच होऊन जातं. करारात पाहुण्यांचं बंधन असतं, आणि मालक बाहेर काढतो तो अनेकदा भाड्यासाठी नाही, पाहुण्यांसाठी. भाडेकरूला त्यांना नाही म्हणता येत नसेल, तर केसवर्करने ‘माझ्या अटी आहेत’ असं म्हणून तो वाईटपणा स्वतःवर घ्यायचा. वर्षाला उत्पन्नाची फेरतपासणी होते. त्याचं टपाल न उघडल्याने व्हाउचर रद्द झाल्याची उदाहरणं सगळीकडे आहेत. विजेचं बिल, भाजलेलं भांडं, फायर अलार्म, शेजाऱ्याची तक्रार या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींनी घरं जातात.

म्हणून पहिला महिना आठवड्याला निदान दोन भेटी, नंतर हळूहळू कमी. भेट घरी, कचेरीत नाही. कागद दाराजवळच्या एका पिशवीत, प्रत्येक भेटीत ती उघडायची. दारू पिणारा दारू पीत राहू शकतो. ‘हाउसिंग फर्स्ट’ त्यावर घर काढून घेत नाही, पण भाडेकराराच्या अटी त्यालाही लागू असतात, हे अनेक टीकाकार लक्षात घेत नाहीत. उपचार ऐच्छिक असतात. घर मिळाल्यावर माणूस स्वतःहून डॉक्टरकडे जायला लागतो, असा या कामातल्यांचा वारंवारचा अनुभव आहे. पण तो जाईलच म्हणून घर दिलेलं नसतं.

सैनिकांचं काम आधी का झालं

त्यांच्यासाठी पैसा आणि यंत्रणा दोन्ही होत्या. २००८ पासून केंद्राने हड-व्हॅश व्हाउचर मोठ्या प्रमाणावर द्यायला सुरुवात केली. त्यात भाड्याची मदत गृहनिर्माण खात्याची आणि केसवर्कर व्हेटरन्स खात्याचा. म्हणजे घर आणि आधार जोडीनेच येतात. इतर बेघरांच्या बाबतीत हे दोन वेगवेगळ्या निधींतून जुळवावं लागतं. सैनिकांवर आधी काम करण्याचा खरा फायदा पुढे झाला: यादी ठेवायची, बैठक चालवायची, मालकांशी बोलायची सवय एका छोट्या गटावर लागली आणि तीच पुढे मोठ्या गटावर चालवली. दुसऱ्या काउंटीने हाच क्रम धरावा. सुरुवातीलाच सगळे बेघर घेतले तर यादीच जुळत नाही आणि लोक थकतात.

आत येणारा ओघ

शून्य गाठल्यावर लढाई ओघाशी असते. नवा माणूस निवाऱ्यात आला की पहिल्याच दिवशी त्याच्याशी बोलायचं: काल रात्री कुठे होतास, तिथे परत जायला काय लागेल? कधी भावाला दोन महिन्यांचा किराणा, कधी घरमालकाशी थकबाकीची बोलणी, कधी बसचं तिकीट. यातून काहींचा मुक्काम काही दिवसांतच संपतो. तुरुंग त्याच रस्त्यावर असल्याने सुटकेच्या तारखा आधी कळवून घेणं सोपं जातं. रुग्णालयाचं मात्र सगळीकडेच अवघड असतं. शुक्रवारी संध्याकाळी, पायात रुग्णालयाच्या चपला घालून माणूस टॅक्सीने निवाऱ्याच्या दारात सोडला जातो. यावर तोडगा लेखी करारानेच निघतो: सोडण्यापूर्वी फोन, औषधं सोबत, कार्यालयीन वेळेत.

आणि प्रत्येक महिन्यात सहावा, नववा, दहावा महिना ओलांडणाऱ्यांची वेगळी यादी. बारावा महिना यायच्या आत त्यांना घर. दीर्घकालीन शून्य टिकतं ते या यादीवर.

जे सुटलं नाही

बर्गनला घरं स्वस्त करता आली नाहीत. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७५ आणि १९८३ च्या माउंट लॉरेल निकालांत प्रत्येक नगरपालिकेवर परवडणाऱ्या घरांचा आपला वाटा उचलण्याचं बंधन घातलं. पुढची कित्येक दशकं त्यावर खटले, टाळाटाळ आणि तडजोडी चालल्या. २०१५ मध्ये अंमलबजावणी पुन्हा न्यायालयांकडे आली, २०२४ मध्ये नवा कायदा झाला. सत्तर गावांचे सत्तर बांधकामनियम हे अजूनही या काउंटीतल्या बेघरपणाचं सर्वांत मोठं कारण आहे, असं आमचं मत आहे. यादी कितीही चोख असली तरी बाजारात हजार-बाराशे डॉलरला घरच नसेल तर साठ दिवसांचं व्हाउचर संपतं.

दुसरं, नातलगाच्या सोफ्यावर झोपणारे हडच्या गणतीत बेघर धरले जात नाहीत. शाळांसाठीच्या मॅककिनी-व्हेंटो कायद्यात तशी मुलं बेघर धरली जातात. म्हणजे एकच मूल शाळेत बेघर आणि निवाऱ्याच्या यादीत नाही. उपनगरांत हा गट मोठा असतो, आणि दीर्घकालीन शून्याचा त्याच्याशी काही संबंध नाही. कुटुंबं, पदपथावर न दिसणारी तरुण मुलं, कागदपत्रं नसलेले स्थलांतरित यांच्यासाठी वेगळी कसोटी आणि वेगळा पैसा लागतो.

देशाचं चित्रही बदललं आहे. जानेवारी २०२४ च्या गणतीत अमेरिकेत ७,७१,४८० बेघर मोजले गेले. आदल्या वर्षापेक्षा १८ टक्के जास्त, आणि गणती सुरू झाल्यापासून सर्वाधिक. जून २०२४ मध्ये ग्रँट्स पास खटल्यात केंद्रीय सर्वोच्च न्यायालयाने उघड्यावर झोपणाऱ्यांना दंड करायला शहरांना मोकळीक दिली. ज्या गावांना काही करायचं नाही त्यांना यामुळे स्वस्तातला मार्ग मिळाला: पोलिसांनी हटवायचं आणि शेजारच्या गावात ढकलायचं. दंडाची थकबाकी आणि वॉरंट मग भाड्याच्या अर्जात आडवी येतात. जुलै २०२५ च्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने केंद्रीय यंत्रणांना ‘हाउसिंग फर्स्ट’चा पाठिंबा काढून घ्यायला सांगितलं. बर्गनसारख्या काउंटीसाठी याचा थेट अर्थ असा, की ज्या केंद्रीय अनुदानातून आधारासह घराची भाडी भरली जातात ते दरवर्षी नव्याने मागावं लागतं, आणि त्याच्या अटी मधेच बदलल्या तर आज घरात राहत असलेल्या माणसांची भाडी धोक्यात येतात. त्यामुळे या काउंट्यांना आता यादीत आणखी एक रकाना ठेवावा लागेल: घरात गेलेल्या प्रत्येकाचं भाडं कोणत्या निधीतून जातं, त्याची मुदत कधी संपते, आणि तो थांबला तर हाउसिंग ऑथॉरिटीच्या सर्वसाधारण व्हाउचरवर त्याला किती दिवसांत हलवता येईल.